स्वागताध्यक्षीय भाषण : वाईच्या लेकीची कादंबरी



कृष्णाकाठच्या वाईत घाट, ढोल्या गणपती आणि मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आपण पाहालच. पण वाईकराला विचाराल तर तो आधी प्राज्ञपाठशाळेचे नाव घेईल. केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश इथला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच शिकले आणि इथेच राहिले, १९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला तोही इथल्याच कामातून. अशा कोशांच्या गावात ऐतिहासिक प्रेमकादंबरीचे संमेलन कशाला, असे कोणी विचारले तर माझे उत्तर रास्त्यांच्या घरात आहे.

भिकाजी नाईक रास्त्यांची लेक गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांची पत्नी झाली. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ कादंबरीने (१९६२) तिचा मुलगा माधवराव आणि सून रमाबाई यांचे प्रेम घराघरांत नेले. त्यातली रमा वाढते, समंजस होते. पण ही वाढ १७७२ साली थेऊरच्या चितेपाशी थांबते. इतिहासच तसा, लेखकाने काय करावे? आक्षेप रास्त आहे. मात्र सती इतिहासाने दिली, तिला प्रेमाची परमावधी मानून पडदा पाडायचा ही निवड आपल्या वाङ्मयाची. त्याच पेशव्यांच्या घरात पतीमागे २७ वर्षे जगलेली गोपिकाबाईही होती. मुलांपैकी पानिपतावर विश्वासराव, मग माधवराव, मग गारद्यांच्या हातून नारायणराव गेला; तरी नाशिकजवळच्या गंगापुराहून तिने नातू सवाई माधवरावाला कसे वागावे हे पत्राने बजावले. ती सनातनी होती, सत्तेची हौस तिला होती, मग तिला स्त्रीवादी कसे म्हणायचे? म्हणू नयेच, अठराव्या शतकातल्या बाईच्या तोंडी आजची वाक्ये घालणे ही वाचकाची फसवणूक. पण हट्ट करण्याची, चुकण्याची, बदलण्याची जी मुभा नायकाला मिळते ती तिला मिळावी. कडक सासू म्हणून चार प्रसंगांत तिची बोळवण करणारी कादंबरी मला अपुरी वाटते.

असो. आता जीव टांगणीला लागला आहे तो व्यवस्थेपायी. निवासाच्या खोल्या कमी पडल्या, सभागृहातले पंखे कुरकुरतात, ध्वनिवर्धक मनाला येईल तेव्हा बोलतो, क्षमा असावी. हळदीचे व्यापारी, ऊसकरी शेतकरी, पाहुण्यांसाठी माजघर मोकळे करणारी गणपती आळी आणि गंगापुरीतली घरे, मंडपवाले, आचारी, शाळांतले स्वयंसेवक, तसेच नाव जाहीर करू नका म्हणून बजावणारे देणगीदार या सर्वांचे ऋण मोठे आहे. दुपारच्या भोजनाच्या दोन पंगती होतील. पहिल्या पंगतीला ज्येष्ठांना आणि परगावच्या पाहुण्यांना बसू द्यावे, एवढी वाईकरांना विनंती.