क्रीडांगण आणि पेढी



महाविद्यालयीन टेनिस गाजवून घरच्या बांधकाम व्यवसायात पदार्पण करणाऱ्या ज्ञातीतील तरुणांस आम्ही दोन शब्द सांगू इच्छितो. पंच नसलेल्या सामन्यात आपल्या बाजूस पडलेल्या चेंडूचा निर्णय खेळाडू स्वतःच देतो. संशयाचा लाभ मात्र प्रतिस्पर्ध्याचा.

१९७४ साली याच पुण्यात सोव्हिएत संघास नमवून भारताने डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. परंतु वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी खेळण्याचे नाकारून चषकावर पाणी सोडले.

ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन रेरा कायद्याने २०१७ पासून घातले आहे. तथापि चटईक्षेत्राविषयी वा ताब्याच्या तारखेविषयी संशय उद्भवल्यास त्याचा लाभ, आयुष्याची पुंजी आपल्या हाती सोपविणाऱ्या कुटुंबासच द्यावा. त्यास पंचाकडे जाण्याची वेळ न येणे, हीच आपल्या पेढीची खरी पत होय.