शिखराची वाट विचारा

गिर्यारोहणाच्या बातम्या आता जळगाव-धुळ्याकडेही आवडीनं वाचल्या जातात. बातमीत शिखराचं नाव असतं, उंचीचा आकडा असतो, तिरंगा धरलेला फोटो असतो. वाट मात्र नसते. शिखर कोणत्या बाजूनं, कोणत्या धारेनं चढलं गेलं, हे ना कोणी छापतं, ना कोणी विचारतं. माझी तक्रार एवढ्यापुरतीच आहे आणि हाती असलेली मिनिटं मी तिच्यावरच घालवणार आहे. आपल्या शेतातली जुनी बांधीव विहीर डोळ्यांपुढं आणा. एका अंगाला पायऱ्या, बाकी तिन्ही बाजूंना सरळ बांधकाम. एक माणूस पायऱ्यांनी उतरून पाण्याला हात लावतो. दुसरा समोरच्या बाजूनं, निसटलेल्या दगडांच्या खोबणींत बोटं रोवत उतरतो. विहीर किती खोल, याचं उत्तर दोघांचं एकच येईल: बारा परस. पण दोघांनी केलेलं काम एक नाही. उंचीचा आकडा आपल्याला विहिरीची खोली सांगतो, उतरणाऱ्याविषयी काही सांगत नाही.

कांचनजुंगा घ्या. नेपाळ आणि सिक्कीमच्या सीमेवरचं 8586 मीटरचं शिखर, जगात तिसरं. 15 मे 2019 रोजी पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा गिर्यारोहक तिथं पोचले, उमेश झिरपे मोहिमेचे नेते होते. महाराष्ट्रानं अभिमान बाळगावा अशीच ती कामगिरी. ते गेले नेपाळकडून, नैऋत्येच्या अंगानं. 1955 मध्ये जो ब्राउन आणि जॉर्ज बँड पहिल्यांदा वर गेले तेही त्याच अंगानं. आता याच डोंगराची सिक्कीमकडची बाजू पाहा. तिथं ईशान्येला एक लांब सोंड उतरते, तिच्यावर बर्फाचे मनोरेच्या मनोरे उभे. पॉल बाउअरच्या जर्मन तुकडीनं 1929 मध्ये हे मनोरे पोखरून, बर्फात गुहा खणून वाट काढली आणि वादळानं त्यांना परतवलं. 1931 मध्ये ते पुन्हा आले, माणसं गमावली, शिखर हाती लागलं नाही. ती सोंड चढून माथा गाठायला 1977 साल उजाडलं. कर्नल नरेंद्र कुमार यांच्या भारतीय सेनेच्या मोहिमेतले मेजर प्रेमचंद आणि नायक निमा दोर्जे शेर्पा हे ते दोघे. आणि 1979 मध्ये डग स्कॉट, पीटर बोर्डमन आणि जो टास्कर उत्तरेकडून, प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय गेले. आकडा सगळीकडे 8586. विहीर एक, पाणी एक, उतरण्याच्या बाजू तीन. एका बाजूनं 1955 मध्ये यश आलं, दुसऱ्या बाजूनं त्यानंतर बावीस वर्षांनी. हे अंतर उंचीनं समजावून सांगता येत नाही, वाटेनंच येतं.

याहून बोलका पुरावा त्याच 1955 च्या मोहिमेत आहे. माथ्याच्या अगदी खाली ब्राउनला कातळ आडवा आला. तो मूळचा कातळ चढणारा, म्हणून त्या विरळ हवेत एका उभ्या भेगेत हातपाय कोंबून तो वर सरकला. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रेदर आले. ते थोडे पुढं गेले, कोपरा वळले, तर वर जाणारा सोपा बर्फाचा उतार सापडला! काही पावलांचाच फरक, पण एका दिवसाच्या अंतरानं दोन जोड्यांना दोन वेगळी शिखरं भेटली.

यावर कोणी म्हणेल की उंची म्हणजे काही पोरखेळ नव्हे. अगदी खरं. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशाच्या आसपास येतो, बोटं गोठतात, डोकं चालेनासं होतं, आणि नेहमीच्या वाटेवरही माणसं दगावतात. पायऱ्यांनी उतरणाऱ्याचंही पाऊल घसरतंच, त्याला कमी लेखायचं कारण नाही. माझं म्हणणं इतकंच की वाट सांगितल्याशिवाय कामगिरी अर्धीच सांगितली जाते. दुसरा आक्षेप असा की पायऱ्या असताना भिंतीला लोंबकळायचं कशाला, हा जिवाशी खेळ आहे. इथं अवघड आणि धोक्याचं या दोन गोष्टींची गल्लत होते. अन्नपूर्णेची नेहमीची उत्तरेची वाट ही काही हिमालयातली सर्वांत अवघड चढाई नाही, पण हिमकडे कोसळण्यानं तिनं फार बळी घेतले आहेत. उलट एखादी धार चढायला कठीण असते, तरी वरून काही अंगावर येत नाही. अवघडपणावर कौशल्य चालतं. वरून सुटलेल्या बर्फापुढं कौशल्य काय करणार? म्हणून अवघड वाट निवडणारा नेहमीच आततायी असतो असं नाही, पुष्कळदा तो जास्त विचार करून आलेला असतो.

तिसरा प्रश्न, खानदेशाला याचं काय? आपल्याकडं बर्फ नाही, पण वाटेचा हा धडा दाराशी आहे. पिंपळनेरहून मांगी-तुंगीला जा. पायऱ्या लेण्यांपर्यंत नेतात, भाविक सुळक्याला प्रदक्षिणा घालतात आणि वरचा उघडा कातळ तसाच उभा राहतो. मनमाडजवळची हडबीची शेंडी रेल्वेतून आपण सगळ्यांनी पाहिली आहे. हिमालयाच्या मानानं तिची उंची सांगण्याजोगीही नाही, पण दोराशिवाय आणि कातळाच्या सरावाशिवाय तिच्या माथ्यावर जाता येत नाही. कातळ वाचायला शिकायचं तर ते इथं, जाणत्या माणसाच्या हाताखाली. नुसत्या उंचीच्या मागं लागलेल्या मुलाला हे कमीपणाचं वाटतं, आणि ही समजूत त्याला आपणच दिलेली आहे, आकडे विचारून विचारून.

उतरण्याच्या वाटेबद्दल बोलायचं राहूनच गेलं. अपघात तिथं फार होतात आणि त्याला स्वतंत्र वेळ हवा. आता मिनिटभरच उरलं आहे, त्यात पुन्हा तेच सांगतो. बातमी देणाऱ्यांनो, उंचीच्या आकड्याशेजारी दोन शब्द वाढवा: कोणती बाजू, कोणती धार. आणि शिक्षकांनो, शाळेत सत्काराला गिर्यारोहक आला तर मुलांना पहिला प्रश्न वाटेचा विचारू द्या. तो माणूस खुलेल, खडू मागेल, फळ्यावर डोंगर काढून दाखवील.