आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत आणि खर्चाचा भार

आतड्याचा रोगट भाग काढून उरलेली टोके शिवल्यानंतर त्या जोडातून मळ किंवा पाचकरस पोटात झिरपणे, म्हणजेच जोड गळणे, ही या शस्त्रक्रियेनंतरची अत्यंत गंभीर गुंतागुंत होय. जखमेत पू होणे हा प्रकार त्याहून अधिक आढळतो. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या समूहात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६६ देशांच्या पाहणीनुसार, पचनसंस्थेवरील शस्त्रक्रियेनंतर जखमेचा संसर्ग विकसित देशांत सुमारे ९ टक्के, तर अल्पविकसित देशांत सुमारे २३ टक्के रुग्णांना झाला.

अशा वेळी अतिदक्षता विभाग, सीटी स्कॅन, महागडी प्रतिजैविके आणि प्रसंगी दुसरी शस्त्रक्रिया यांमुळे देयक फुगते. शिवाय भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर किंवा तुमसर तालुक्यातील रुग्णाला नागपूरला हलवावे लागले, तर प्रवास, मुक्काम आणि सोबतच्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी हा देयकात न दिसणारा खर्चही कुटुंबावरच पडतो.

नोव्हेंबर २०१३ पासून भंडाऱ्यासह महाराष्ट्रभर विस्तारलेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेली राज्य सरकारची जनआरोग्य योजना येथे आधार ठरते. तिच्यातील उपचारखर्चाची मर्यादा आता प्रतिकुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपये आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, गुंतागुंतीच्या उपचारांचा समावेश कितपत आहे हे विचारून घ्यावे. घरी परतल्यावर ताप, वाढती पोटदुखी, पोटफुगी किंवा जखमेतून पू दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेळीच झालेला उपचार जीव वाचवतो आणि खर्चही आटोक्यात ठेवतो.