घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाचा सराव नाही. शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा वहीत लिहून आणले आहे तेच वाचते. अध्यक्षीणबाईंनी विषय दिला : ‘सणासुदीचे दिवस आणि लहान मुले’. त्या म्हणाल्या, “तुमच्या घरात लहान मुले आहेत, तुम्हीच बोला.” मुले आहेत हे खरे. पण ती माझी नव्हेत, जावेची. माझी मुलगी सासरी गेली, मुलगा आय. टी. आय.ला आहे. चाळिशी उलटल्यावर पुन्हा पाटी-पेन्सिल, शेंबूड आणि हरवलेल्या चपला माझ्या वाट्याला आल्या, त्या कशा, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे.

२०२३ च्या आषाढात माझे धाकटे दीर गेले. वय अडतीस. आत्याबाईंचे ते शेंडेफळ. जाऊ दोन मुलांना घेऊन आमच्याकडे राहायला आली. थोरली तेव्हा सात वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. त्या वर्षी श्रावण अधिक होता, त्यामुळे घट बसायला ऑक्टोबरची १५ तारीख उजाडली. अधिक महिना धरून चार महिने घर मुके होते. भावकीत ठरले की वर्षभर सण धरायचा नाही. हेही तेच म्हणाले, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. ज्याचा पाठचा भाऊ गेला त्याला सणाचे सुचणार कसे?

पण मुलांना हे कसे सांगावे? सर्वपित्री झाल्यावर धाकटा रोज विचारी, “मोठी आई, आपल्याकडे दिवाळी येणार का?” जणू दिवाळी म्हणजे एस.टी., आणि आपल्या थांब्यावर थांबेल की नाही याची त्याला शंका! शेवटी एका रात्री आत्याबाईच जेवता जेवता म्हणाल्या, “सण मोठ्यांना नसतो. लेकरांना असतो. घरात गोडधोड तळू नका, दारात माळा लावू नका. पण पोरांना घेऊन बाहेर जायचं.” ज्यांचा पोटचा गोळा गेला त्यांनी हे सांगितल्यावर कोणाचेच काही चालले नाही.

तर त्या दोन महिन्यांत आम्ही कुठे कुठे फिरलो ते सांगते. त्यात लहान मुलांना नेण्याच्या गोष्टीही येतीलच.

पहिली यात्रा ललिता पंचमीची, टेंबलाईची. घरून निघताना दोन्ही मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी सेफ्टीपिनने टाचून ठेवली. गर्दीत मूल हात सोडते, चिठ्ठी सोडत नाही. टेकडीवर कोहळा फुटला की त्याचे तुकडे मिळवायला जी झुंबड उडते ती आपण पाहतोच. तिथे मुलांना मुळीच नेऊ नये. आम्ही लांब, एका झाडाखाली बसलो. मुलाने, म्हणजे माझ्या मोठ्याने, धाकट्याला खांद्यावर घेतले आणि पालख्या दाखवल्या.

थोरलीने विचारले की अंबाबाई एवढ्या लांब कशाला येते? मी तिला आपल्या गावची गोष्ट सांगितली. असुरांच्या लढाईत त्र्यंबोलीने अंबाबाईला मदत केली, आणि विजयाच्या समारंभाला नेमके तिलाच बोलावणे गेले नाही. मग ती रुसली आणि गावाकडे पाठ करून या टेकडीवर येऊन बसली. तिची समजूत घालायला अंबाबाई स्वतः लवाजम्यानिशी येते. पोर म्हणाली, “बोलावलं का नाही पण तिला?” मी म्हटले, “गडबडीत राहून गेलं असेल.” ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “आईला पण आणायला पाहिजे होतं.” जाऊ त्या दिवशी घरीच होती. मी विचारले होते, पण तिने मान हलवली होती. आग्रह करण्याची माझी रीत नाही. मात्र दर वेळी विचारण्याची आहे.

त्याच नवरात्रात आपल्या मंडळाचा हादगा. पूर्वी हस्त नक्षत्र लागले की सोळा दिवस हादगा चाले. आता आपण नवरात्राचे नऊच दिवस घालतो. तेही ठीकच आहे, मुलींना शाळा-शिकवण्या असतात. थोरलीची खिरापत सातव्या माळेला होती. मी चुरमुऱ्याचा चिवडा करणार होते. दुपारी झोपून उठते तो जाऊ स्वयंपाकघरात कोहळा किसत बसलेली. मी काही बोलले नाही. तिने किसाचे पाणी पिळून तो तुपावर परतला, मग साखर आणि वेलदोडा घालून गोळा होईपर्यंत घोटला आणि वड्या थापल्या. डब्याला फडके बांधून पोरीच्या हाती दिला.

आठवतो ना तो दिवस? डबा हलवून हलवून सगळ्या दमल्या. नारळाची, बटाट्याची, दुधाची, कशाची कशाची वडी म्हणून झाली. कोणालाही ओळखता आली नाही, आणि पोरीची छाती अशी फुगली की काय सांगू! दुसऱ्या दिवशी आपल्यापैकीच एक भगिनी आमच्या दारात आल्या आणि जावेला म्हणाल्या, “किसातलं पाणी किती पिळायचं हो?” भगिनींनो, चार महिने आमच्या उंबऱ्यातून आलेली प्रत्येक बाई दुखवट्याला आली होती. तिच्याकडे दुसऱ्या कशासाठी आलेली ही पहिली. जाऊ तिच्याशी अर्धा तास बोलत होती. त्या भगिनी समोरच बसल्या आहेत. नाव घेत नाही, त्यांना आवडायचे नाही.

दसऱ्याचे थोडक्यात सांगते. दसरा चौकात आमचे सगळे लक्ष पालख्यांकडे, शमीच्या पूजेकडे. धाकट्याचे लक्ष छत्रपतींच्या जुन्या मेबॅक गाडीकडे! सोने लुटायची वेळ झाली की मुलांना घेऊन मागे सरावे. पाने घरी येताना विकत मिळतात. आणि एक, आपट्याच्या फांद्याच्या फांद्या आणू नयेत. एका मुलाला एक पान पुरते. आमच्या धाकट्याने ते एक पान गल्लीत सात जणांना देऊन परत मागून घेतले.

कोजागिरी २८ ऑक्टोबरला आली, आणि त्याच रात्री चंद्रग्रहण! आपल्याकडे दुधावरून केवढी चर्चा झाली होती. कोणी म्हणे वेध लागले, दूध आटवायचेच नाही. कोणी म्हणे तुळशीचे पान घाला. ग्रहण रात्री एक वाजून पाच मिनिटांनी लागणार होते. आमच्या मुलाने सांगितले की चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहिले तरी काही होत नाही, सूर्याची गोष्ट वेगळी. आम्ही गच्चीवर साडेनऊलाच दूध प्यालो. थोरलीला ग्रहण पाहायचेच होते. एवढ्याशा पोरीला एक वाजता उठवायचे म्हणजे दुसऱ्या दिवशीची चिडचिड पत्करायची. पण दुसरा दिवस रविवार होता, तेव्हा म्हटले पाहू दे. दीडच्या सुमारास वर गेलो तर चंद्राच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखे एवढेसेच झाले होते. पोरगी म्हणाली, “एवढंच?” तोवर मागे पाऊल वाजले. जाऊ शाल घेऊन वर आली होती. पोरीला म्हणाली, “तुझ्या बाबांनी मला असंच उठवलं होतं एकदा.” चार महिन्यांत मुलांसमोर तिने त्यांचे नाव काढले नव्हते. मग ती बोलत राहिली आणि आम्ही ऐकत राहिलो. ग्रहण सुटल्याचे कोणी पाहिलेच नाही.

पन्हाळ्याला जाऊ आपण होऊन आली. “अक्का, किल्ला कुठला करायचा हे पोरांनी बघून ठरवू दे,” म्हणाली. एस.टी.चे गणित ऐका. त्या वर्षीच्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट झाले होते. आत्याबाई छाहत्तर वर्षांच्या, त्यांना काहीच नाही. पाचच्या आतला धाकटा फुकट, थोरलीला अर्धे. म्हणजे पाच जणांत मिळून दीड तिकीट! भाकरी, झुणका आणि पाणी घरचे. वीस किलोमीटरची सहल याहून स्वस्त कोण देईल?

मुलांना घेऊन गड पाहायचा तर सगळा पाहण्याचा हट्ट धरू नये. आम्ही तीन दरवाजा, अंधारबाव आणि अंबरखाना एवढेच पाहिले. अंबरखान्याच्या कोठ्यांची नावे गंगा, यमुना, सरस्वती. हे ऐकून धाकट्याला वाटले की आत नद्या आहेत. धान्य साठवायच्या त्या प्रचंड कोठ्या पाहून आत्याबाई म्हणाल्या, “किडे कसे लागू देत नसतील गं?” इतिहासाच्या पुस्तकात हा प्रश्न मी कधी वाचला नाही. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० सालचा तो पावसाळा, महाराजांच्या वेषात पालखीत बसलेला शिवा काशीद, हे सारे मोठ्याने सांगितले. थोरलीने विचारले, “त्याला मुलं होती का?” आम्हां कोणालाच उत्तर देता आले नाही. जावेने तिला जवळ घेतले, एवढेच.

दिवाळीत अंगणात पन्हाळाच झाला. माती, विटा, जुने पोते, कुंभार गल्लीतले मावळे. मोहरी मात्र चार-पाच दिवस आधी पेरावी, म्हणजे ऐन दिवशी हिरवे दिसते. आणि किल्ल्यात मोठ्यांनी हात घालू नये. आमच्या ह्यांनी बुरूज सरळ करायला हात लावला आणि धाकट्याने भोकाड पसरले. पण त्या निमित्ताने हे त्या मुलांजवळ दोन तास मातीत बसले. आषाढानंतर प्रथमच. फटाके आम्ही आणले नाहीत. आपण आणाल तर सुती कपडे घाला, आणि भाजलेच तर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. पेस्ट, शाई, हळद काही लावू नका. फराळ घरात केला नाही. आपल्या अकरा घरांतून अकरा डबे आले. कोणाची चकली कशी होती हे मला माहीत आहे, पण सांगणार नाही.

नरकचतुर्दशीची पहाट. मुलांना उटणे लावले, कारीट फोडून झाले, दोघे पाटावर बसले. जावेने तबक तयार केले आणि माझ्या हातात दिले. काही न बोलता. मी ते तसेच धरून उभी. कोणी काय बोलावे? आत्याबाई खाटेवरून उठल्या. अठरा वर्षे झाली त्यांना मामंजींना जाऊन. अठरा वर्षांत त्यांनी स्वतः कधी कोणाला ओवाळले नव्हते, नातवंडांनासुद्धा नाही. त्या म्हणाल्या, “आई ओवाळते ती लेकरांना. त्यात नवऱ्याचा काय संबंध? घे तबक.” जावेने ओवाळले. मग आत्याबाईंनीही ओवाळले. हे दारात उभे होते, ते अंगणात निघून गेले. बराच वेळ किल्ल्यावर पाणी शिंपडत होते.

हे सगळे मी या व्यासपीठावर का सांगते आहे? एका कागदासाठी. आपल्या मंडळाच्या कोजागिरीच्या हळदीकुंकवाची पत्रिका दर वर्षी निघते. तिच्यावर ‘सर्व सुवासिनींना आग्रहाचे आमंत्रण’ असे छापलेले असते. त्या वर्षी ती आमच्या घरी आली, वर माझे एकटीचे नाव होते. घरात तीन बायका. थोरलीला नुकतेच वाचायला येऊ लागले होते, तिने ती मोठ्याने वाचली आणि त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी पत्रिका कपाटात ठेवून दिली. अजून आहे.

पत्रिका कोणी वाईट मनाने छापत नाही, हे मला कळते. मागच्या वर्षीची पुढे ठेवून तारीख बदलली जाते. पण आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला की विधवेचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांना त्याचे अनुकरण करायला सांगितले. एका खेड्याने केले ते आपल्याला जड जाऊ नये. कोणाला कुंकू लावून घ्यायचे नसेल तर तिच्यावर सक्ती नको. आत्याबाई अजून लावून घेत नाहीत, आणि तो त्यांचा प्रश्न आहे. पण बोलावणे तरी जाऊ दे.

म्हणून माझी सूचना एवढीच : पत्रिकेवरचा तो शब्द काढून ‘सर्व भगिनींना’ असे छापावे, आणि घरात जितक्या बायका तितकी नावे पाकिटावर लिहावीत. शाई थोडी जास्त लागेल. पत्रिका छापखान्यात जाण्याआधी कार्यकारिणीने हा विषय घ्यावा. सूचना मी लेखी आणली आहे. खाली माझी आणि जावेची सही आहे, आणि आत्याबाईंचा अंगठा. आणखी कोणाला सही करायची असेल तर चहाच्या वेळी कागद माझ्याजवळ आहे.

त्रिपुरी पौर्णिमेचे राहिलेच. पंचगंगेच्या घाटावर पहाटे दिवे पाहायला लहान मुलांना न्यायचे असेल तर रात्री आठलाच झोपवा आणि चारला निघा. कानटोपी विसरू नका, नदीकाठी फार गारठा असतो. पाण्याजवळच्या पायऱ्या ओल्या आणि तेलकट होतात, तेव्हा मुलांना वरच्या पायऱ्यांवरच ठेवा. आम्ही त्या वर्षी सहाजण गेलो होतो. यंदाही जाणार आहोत. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी आदल्या संध्याकाळी सांगावे, म्हणजे मोठ्या रिक्षाचे बघता येईल.