मेंदूच्या लहरी, बिनतारी जाळे आणि रात्रपाळीची परिचारिका
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी आपणांपुढे जमाखर्च मांडतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मेंदूविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही, याची मला नम्र जाणीव आहे. तथापि अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या, रुग्णांसाठी बिनतारी ईईजी यंत्रणा घेण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आला असून त्याची छाननी मजकडे सोपविण्यात आली आहे. त्या निमित्ताने वाचलेले एका संगणकशास्त्रज्ञाचे संशोधन आज आपणांस सांगावेसे वाटते.

मानवी मेंदूच्या विद्युतलहरींची पहिली नोंद जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये केली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोक्याच्या त्वचेवर मिळणाऱ्या या लहरी इतक्या क्षीण असतात, की त्या व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजाव्या लागतात. रुग्णाने पापणी मिटली किंवा घास चावला, तरी आलेखात मोठी खळबळ उडते. त्या गर्दीतून झटक्याची सुरुवात ओळखणे हे तज्ज्ञाच्या सरावलेल्या नजरेचे काम. परंतु ती नजर चोवीस तास एका खाटेवर खिळवून ठेवता येत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील प्रा. जॉन गुटॅग हे मूळचे संगणकशास्त्रज्ञ. बिनतारी जाळी हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता. धावत्या रुग्णवाहिकेतील रुग्णाचे चलच्चित्र डॉक्टरांपर्यंत कसे पोहोचवावे, हा त्यांच्या गटापुढील एक प्रश्न. एकाच मोबाइल जोडणीला तो भार पेलत नाही. म्हणून माहितीचे तुकडे करून ते एकाच वेळी अनेक जोडण्यांवरून पाठवावेत, असा मार्ग त्यांनी व आसफंदयार कुरेशी यांनी २००५ मध्ये मांडलेल्या संशोधनात हाताळला.

मेंदूच्या लहरींवरील त्यांचे काम अली शोएब यांच्यासह झाले. बॉस्टन येथील बालरुग्णालयातील रुग्णांसह एकूण २४ रुग्णांच्या ९१६ तासांच्या सलग नोंदींवर त्यांनी संगणकाची परीक्षा घेतली आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातील मर्म माझ्यासारख्या हिशेबनिसाला चटकन पटले. सर्व रुग्णांसाठी एकच नियम न लावता त्यांनी प्रत्येक रुग्णाचे जणू स्वतंत्र खाते उघडले. एका रुग्णाचा झटका दुसऱ्याच्या झटक्यासारखा दिसतोच असे नाही. मात्र त्याच रुग्णाचे झटके पुष्कळदा परस्परांशी मिळतेजुळते असतात. म्हणून त्या रुग्णाचे दोन किंवा अधिक झटके आधी दाखवून संगणकाला त्याचीच ओळख करून दिली जाते. अशा रीतीने १७३ झटक्यांपैकी ९६ टक्के झटके ओळखले गेले आणि त्यास लागणारा मध्यक विलंब होता अवघ्या ३ सेकंदांचा.

मित्रहो, येथे टाळ्या वाजवून थांबावे असे कोणासही वाटेल. परंतु लेखापरीक्षक जमेची बाजू वाचून सही करीत नाही. उरलेले ४ टक्के म्हणजे सुमारे ७ झटके निसटले. शिवाय दर २४ तासांत खोट्या इशाऱ्यांचा मध्यक २ होता. संशोधकांनी हे आकडे झाकून ठेवले नाहीत, ते निष्कर्षांच्या सोबतच मांडले. एका खाटेला दिवसात दोन ही संख्या किरकोळ वाटते. दहा खाटांचा कक्ष धरल्यास ढोबळ हिशेबाने दिवसाला वीस वेळा कोणीतरी विनाकारण धावणार. तेही संशोधनातील यंत्रणा आपल्या कक्षात तितकीच अचूक ठरली तर.

हा हिशेब मी मुद्दाम मांडतो, कारण त्यात माझी एक जुनी चूक दडलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका कक्षात नाडी मोजणाऱ्या यंत्राचा इशारा वाजत असताना रात्रपाळीची परिचारिका वेळेवर पोहोचली नाही. रुग्णाच्या आईने आरडाओरडा केला, तेव्हा धावपळ झाली. सुदैवाने अनर्थ टळला. मी त्या भगिनीकडे लेखी खुलासा मागितला. तिने लिहिले, "साहेब, ते यंत्र रात्रभर वाजते. त्यातले खरे वाजणे कोणते, हे आम्ही कसे ओळखायचे?" त्या कागदावर शेरा मारण्यासाठी उचललेली लेखणी मी खाली ठेवली. यंत्र खरेदी करताना किमतीची तुलना मीच केली होती. खोट्या इशाऱ्यांची चौकशी मात्र मी केली नव्हती. खुलासा वस्तुतः मीच द्यावयास हवा होता.

आता बिनतारी जाळ्याविषयी. बॉस्टनच्या त्या नोंदींत साधारणतः २३ लहरी, प्रत्येकीची सेकंदाला २५६ मोजमापे आणि प्रत्येक मोजमापास २ बाइट असा हिशेब आहे. म्हणजे एका खाटेची एका दिवसाची नोंद सुमारे १ गिगाबाइट झाली. आपल्या जुन्या इमारतीच्या जाड भिंती हा भार किती अडवतील, हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून कळणार नाही. ते प्रत्येक खाटेपाशी उभे राहून तपासावे लागेल. जाळे तुटले तर इशारा देणारे यंत्र खाटेपाशीच असले पाहिजे.

याहून नाजूक प्रश्न गोपनीयतेचा. १९९९ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन अपस्माराचा उल्लेख वगळण्यात आला. तोवर अपस्माराचे वारंवार झटके येत नसणे ही विवाहाच्या अटींपैकी एक होती. कायदा बदलला, परंतु मुलीचे लग्न ठरेपर्यंत आजार लपविणारे पालक आजही आपल्या बाह्यरुग्ण विभागात येतात. ज्या मुलीची नोंद हवेतून जाते, तिच्या आईवडिलांना ती कोण पाहू शकेल हे सांगण्यास आपण बांधील आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. त्यांची पहिली गरज नियमित औषध ही आहे. म्हणून माझी विनंती अशी, की यंत्रणा अवश्य घ्यावी. परंतु निर्धन रुग्ण निधीतील औषधांना त्यासाठी कात्री लागू नये. आरंभी थोड्याच खाटांवर ती बसवावी आणि त्यांत सवलतीच्या खाटाही असाव्यात. खऱ्या, खोट्या व निसटलेल्या इशाऱ्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. ती नोंदवही परिचारिका भगिनींनी लिहावी आणि पुढील वर्षी या सभेपुढे ताळेबंदासोबतच मांडली जावी. खाटा वाढवाव्यात की नाही, हे ती वाचून ठरवावे.

संगणक तीन सेकंदांत हाक देईल. त्या हाकेसरशी रुग्णाला कुशीवर वळविणारे हात मात्र आपल्या माणसांचेच असतील. त्या हातांना विनाकारण थकविणार नाही, एवढी काळजी घेण्याचे काम माझ्यासारख्या प्रशासकाचे आहे.