आरोपी झाली म्हणून ती आपली नाही?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा सारांश)



कोणती बाई गुन्हा करील, हे आधी ओळखता येतं का? १८९३ साली इटलीतल्या लोंब्रोसो आणि फेरेरो यांनी याचं उत्तर बाईच्या कवटीत आणि चेहऱ्यात शोधलं. ते शास्त्र टिकलं नाही. 'ती जातच तसली' हे वाक्य मात्र अजून टिकून आहे.

कवटी सोडून तिचं आयुष्य पाहिलं, तर देशोदेशीच्या अभ्यासांत त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात: लहानपणचे अत्याचार, सुटलेली शाळा, नवऱ्याची मारहाण, गरिबी, व्यसन, मनाचे आजार आणि गुन्ह्यात ओढणारा घरातलाच पुरुष. आपल्या केंद्रात येणाऱ्या बायका हेच तर सांगतात!

किरणजीत अहलुवालिया मूळची पंजाबची, लग्नानंतर इंग्लंडला गेलेली. दहा वर्षं तिनं मार खाल्ला. कोर्टाकडून नवऱ्याविरुद्ध मनाईहुकूम आणले, तरी मार थांबला नाही. १९८९ साली तिनं झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. तो मेला, तिला जन्मठेप झाली. 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही संघटना तिच्यामागे उभी राहिली. तिच्या खचलेल्या मनःस्थितीचा नवा वैद्यकीय पुरावा अपिलात पुढे आला. १९९२ साली खुनाची शिक्षा रद्द झाली, सदोष मनुष्यवधाचा कमी गुन्हा धरला गेला आणि ती सुटली.

एक माणूस जिवानिशी गेला, याचं समर्थन मी करत नाही. मार खाणाऱ्या असंख्य बायका कुणावर हातही उगारत नाहीत. म्हणून ही यादी बाईवर शिक्का मारायला वापरू नका. मदत कुठे पोचली नाही, हे तिच्यातून कळतं.

आपल्या देशातल्या कैद्यांत बायका साधारण ४ टक्के. त्यातल्या बहुसंख्य कच्च्या कैदी. जामिनाच्या बाबतीत कायदा बाईला सवलत देतो. पण सासरनं टाकलं, माहेरनं दार लावलं, तर हमीदार कोण आणणार?

मार खाऊन आलेल्या बाईची आपण केस घेतो. तीच आरोपी झाली की फाईल बंद करतो. असं करू नका. तुरुंगात तिला भेटायला जा. वकील आणि हमीदार शोधा. तिच्या जुन्या तक्रारींच्या नोंदी जपून ठेवा. तिची बाजू मांडताना कोर्टात त्याच उपयोगी पडतील.