मदत कोणाच्या सोयीची?



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीतील जुन्या वर्तमानपत्रांवर झाले. तेव्हा वादळे कशी उठतात हे शास्त्र आम्ही सांगणार नाही. वादळ गेल्यावर मदतीला धावणारा माणूस कोठे चुकतो एवढेच सांगणार आहोत, कारण आम्ही स्वतः चुकलो आहोत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, आणि खाली रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड, दापोली, या भागात घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. त्यातच करोनाची साथ आणि टाळेबंदी. आमच्या सभासदांनी तीन दिवसांत ट्रकभर कपडे गोळा केले. परवाने मिळवून आम्ही एका गावी पोचलो. गठ्ठे शाळेच्या ओसरीवर उतरवले आणि मोठे काम केल्याच्या समाधानात उभे राहिलो. एक म्हातारी आली. गठ्ठ्यांकडे पाहून म्हणाली, "कापडं चांगलीच आहेत हो, पण ठेवू कुठं? आधी डोक्यावर काहीतरी घाला." त्याच रात्री पाऊस झाला आणि अर्धे गठ्ठे भिजले. ते आमच्या सोयीचे होते. कपाट रिकामे करणे सोपे असते.

पुढच्या खेपेस आम्ही आधी विचारले. गावाने तीन गोष्टी सांगितल्या: पत्रे, खिळे-हूक आणि हात. आम्ही सुतार, वेल्डर आणि वायरमन घेऊन गेलो. वीज मंडळाची माणसे खांब उभे करीत होती. आमच्या वायरमनांनी घरातील भिजलेली जोडणी तपासली, म्हणजे वीज आल्यावर कोणाला धक्का बसू नये. लिहिता-वाचता येणाऱ्यांना आम्ही अर्ज लिहायला बसवले. पडलेले झाड तोडण्याआधी त्याचा पंचनामा होणे किती महत्त्वाचे, हे ज्याला ठाऊक नाही त्याची भरपाई करवतीखाली जाते. कोकणात वाडी गुंठ्यांवर मोजतात, भरपाई मात्र हेक्टरवर. हातात पडणार किती? पुढे शासनाने झाडागणिक हिशेब केला: नारळास २५० रुपये, पोफळीस ५० रुपये. सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. ५० रुपयांत किती वर्षे बसतात, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.

आता आमची दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

आमच्या तीस तरुणांनी चार दिवस वाड्यांतील पडलेली झाडे फुकट साफ केली. गावकरी खूश, आम्हीही खूश. पाचव्या दिवशी दोन माणसे आमच्याकडे आली. एक झाडावर चढून नारळ पाडणारा, दुसरा वाडीत मजुरी करणारा. ते म्हणाले, "साहेब, वाडी पडली त्याचा पंचनामा झाला. आमची मजुरी पडली, तिचा पंचनामा कोण करणार? सातबाऱ्यावर आमचं नाव नाही. ही साफसफाई तेवढं एकच काम उरलं होतं, तेही तुम्ही फुकट करता आहात."

श्रोतेहो, मजुराची रोजी जाऊ नये म्हणून आम्ही जन्मभर भांडलो, आणि श्रमदानाच्या उत्साहात आम्हीच तिच्या आड आलो! रात्री आमच्यात वाद झाला. काहींचे म्हणणे, "फुकट मिळते ते विकत का घ्यावे?" अखेर ठरले की गोळा झालेल्या निधीतून गावच्याच मजुरांना रोज देऊन वाड्या साफ करायच्या, आणि आमच्या माणसांनी गावात न मिळणारे कसबाचे काम तेवढे करायचे. हजेरीपत्रक ठेवले, शनिवारी पगार. पैसे गावच्या दुकानात फिरले, आणि दुकानदाराची उधारीही फिटू लागली.

ही अक्कल नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर राबली. भीक मागून नव्हे, मजुरी मिळवून ती जगली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप आले ते या मुलुखात, हे आपण विसरता कामा नये.

पण एकच औषध सर्वत्र चालत नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यात जॉप्लिन नावाचे शहर आहे. २२ मे २०११ रोजी तेथे टॉर्नेडो, म्हणजे जमिनीला टेकलेली प्रचंड वावटळ, शहराच्या मधोमध फिरली. दीडशेहून अधिक माणसे मेली. मोठे इस्पितळ आणि हायस्कूल उद्ध्वस्त झाले. हजारो स्वयंसेवक आले, आणि त्यांच्या कामाचा तासन् तास हिशेब ठेवला गेला. कारण तिकडच्या नियमाप्रमाणे सरकारी मदतीत शहराने घालायच्या वाट्यात हे तास धरता येत होते. तेथे फुकट श्रमाने शहराचा खजिना वाचला; आमच्या गावी तसल्याच श्रमाने मजुराची चूल विझली असती. हजेरीपत्रक दोन्हीकडे होते, उपयोग निराळा. त्या शहराने आणखी एक शहाणपण केले. शाळा ऑगस्टमध्ये ठरल्या वेळी उघडायच्या असे जाहीर करून त्या उघडल्या, वरच्या वर्गांसाठी बाजारसंकुलातील रिकाम्या दुकानाची शाळा केली. मूल शाळेत गेले की आई-बाप कामाला लागतात, आणि गाव सोडून जाणारा थांबतो.

तेव्हा पुन्हा कोठे आपत्ती आली तर आमची विनंती एवढीच. निघण्यापूर्वी विचारा. ज्याच्या नावावर काही नाही, त्याला आधी विचारा. विकत घ्यायचे ते तेथल्याच दुकानात घ्या. आणि पहिल्या आठवड्यात सगळे देऊन टाकू नका. पहिल्या आठवड्यात रस्ता मोटारींनी भरलेला असतो. सहाव्या महिन्यात तो ओस असतो.

आम्ही त्या गावी दुसऱ्या वर्षीही गेलो. म्हातारीच्या घरावर पत्रे होते. आम्ही विचारले, "आजी, आता काय हवे?" ती म्हणाली, "आता बसा, चहा घ्या." मदत पुरी झाली हे ओळखण्याची याहून चांगली खूण आम्हाला सापडलेली नाही.